वार एकटीने पाळता येत नाही

मागच्या वर्षी ऑगस्टमधल्या एका सोमवारी माझी मुलगी शाळेच्या फाटकाशी थबकली आणि माझा हात सोडेना. तिच्या वर्गातली सगळी मुलं पिवळ्या कपड्यांत आली होती. कुणाच्या हातात केळं, कुणाच्या मुठीत लिंबू. ती एकटी गणवेशात. ‘उद्या पिवळा दिवस, सोबत एक पिवळं फळ द्यावं’ हा निरोप वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आदल्या दिवशी, म्हणजे रविवारी दुपारी चार वाजता आला होता. आमच्या घरी रविवारी फोन बंद असतात. सोमवारी सकाळी डबे, आंघोळी, रिक्षा या धावपळीत ग्रुप उघडायचा राहिला आणि तो निरोप मी फाटकाशी उभी राहून वाचला. पाच वर्षांची पोर, रडली नाही. “आई, सगळ्यांच्या आयांना कळलं. तुला कसं नाही कळलं?” एवढंच म्हणाली आणि आत गेली.

घरी परतताना मी ठरवून टाकलं होतं, हा रविवारचा नेम आता बंद. संध्याकाळपर्यंत माझं मत बदललं. चूक आमच्या रविवारात नव्हती. शाळा बंद, कचेऱ्या बंद, अशा दिवशीसुद्धा प्रत्येक आईने फोनवर नजर ठेवून असलं पाहिजे, हे आपण सगळ्यांनी काही न बोलता मान्य करून टाकलंय. चूक तिथे आहे. लहान मुलं असलेल्या घरात आठवड्यातला एक दिवस स्क्रीनशिवाय जावा, असं मला आजही मनापासून वाटतं. पण हा दिवस एकेका घराच्या निग्रहावर सोडून दिला तर तो टिकायचा नाही, हे मी त्या फाटकाशी शिकले.

आम्ही डोंबिवलीत राहतो. घर वन बीएचके, माणसं पाच: आम्ही दोघं, सासूबाई, मुलगी आणि अडीच वर्षांचा मुलगा. नेम सुरू झाला तो मुलाच्या जेवणावरून. समोर मोबाइल धरल्याशिवाय तो तोंड उघडेना. घास तोंडात गेला की नजर पडद्यावर खिळलेली आणि घास गालात तसाच. सासूबाई एकदा म्हणाल्या, “अगं, याच्या बापाला मी काऊचा घास, चिऊचा घास करून भरवलं. तो निदान खिडकीतल्या कावळ्याकडे बघायचा तरी. हा कुठेच बघत नाही.” त्यांचं ते वाक्य मला लागलं. कारण त्या फोनमध्ये गाणं लावून देणारी मीच होते, आणि ते मी हौसेने करत नव्हते. साडेसातची लोकल गाठायची असते, भाजी गॅसवर असते, आणि दहा मिनिटांत पोराचं पोट भरायचं असतं.

बालरोगतज्ज्ञांच्या सूचना या बाबतीत स्पष्ट आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच; त्यापुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास, आणि त्याहून कमी तर अधिक बरं. आपल्या इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या सूचनाही जवळपास याच आहेत: दोन वर्षांपर्यंत नाही, पाचपर्यंत जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्या माणसाने शेजारी बसून. म्हणून आम्हीही आधी तासाचाच हिशोब करून पाहिला. तो जमला नाही. का जमला नाही, ते सांगते, कारण माझ्या ओळखीच्या बहुतेक घरांत तो याच कारणाने जमत नाही.

एक तास म्हटलं की रोजची घासाघीस आली. “हे शेवटचं.” “हे अर्धंच राहिलंय.” “काल तू कमी दाखवलंस.” पाच वर्षांच्या मुलाला अर्धा तास म्हणजे किती, हे कळत नाही. ‘आज नाही’ हे मात्र नीट कळतं. आपल्या घरांतून वार पाळायची रीत जुनी आहे. कुणी सोमवार धरतं, कुणी संकष्टी. उपास धरलेलं माणूस दुपारी चार वाजता शेव खावी की नाही यावर स्वतःशी वाद घालत बसत नाही. निर्णय एकदाच झालेला असतो आणि दिवसभर तो पुन्हा घ्यावा लागत नाही. मुलांनाही नेमकी हीच गोष्ट सोपी जाते. रोजचा नकार हा त्यांना आईचा नकार वाटतो. वाराचा नकार कुणा एकाचा नसतो. तो आईलाही लागू असतो, बाबांनाही आणि आजीलाही.

आणि कंटाळ्याला त्याचा त्याचा वेळ लागतो. ही गोष्ट मी कुठे वाचली नव्हती, ती दीड वर्षाच्या रविवारांनी शिकवली. सकाळी नऊच्या सुमारास कुरकुर सुरू होते. “काय करू?” “कंटाळा आलाय.” दोघं पायात पायात घोटाळतात, एकमेकांना ढकलतात, मधल्या खोलीत लोळण घेतात. पहिल्या काही रविवारी मी इथेच हरायचे. रंगपेटी काढ, गोष्ट सांग, कोडं घाल, असा भडिमार करायचे. हळूहळू कळलं की या तासाभरात आपण काहीच करायचं नसतं. साडेदहा-अकराच्या पुढे काहीतरी आपोआप सुरू होतं. दोन खुर्च्यांवर जुनी साडी टाकून तंबू होतो. कुकरची शिटी म्हणजे गाडीचा भोंगा होतो. राजमा आणि चवळी एकत्र करून पुन्हा वेगळे करायचे, हा आमच्या मुलीने स्वतः काढलेला खेळ आहे आणि तो तासभर चालतो. सासूबाईंनी त्यांच्या ट्रंकेतून सागरगोटे काढले. मुलगी अजून दोनच्या वर झेलू शकत नाही, पण हट्टाने बसते. एक तासाच्या बंदीत हे काहीच घडत नाही. त्या तासात मूल फक्त बंदी उठायची वाट बघतं. पूर्ण दिवस असला म्हणजे वाट बघून काही उपयोग नाही हे त्याला कळतं, आणि मग ते खेळायला लागतं.

‘एकादशी, दुप्पट खाशी’ हा धोका खरा आहे. सुरुवातीला आमच्याकडे सोमवार संध्याकाळ म्हणजे रविवारची भरपाई व्हायला लागली होती. एका दिवसाचा नेम आठवड्याचा हिशोब फेडायला पुरत नाही, हे मान्य करून आम्ही जेवणाच्या वेळेचा फोन सातही दिवस बंद केला. बाकी दिवशी घरात टीव्ही लागतो, मुलगी गाणी बघते, सासूबाई त्यांच्या मालिका बघतात. त्याची मला खंत नाही.

सासूबाई एक गोष्ट सांगतात, ती मला महत्त्वाची वाटते. मुंबईचं दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, तेव्हा त्या शाळेत होत्या. चाळीतल्या एकाच घरी टीव्ही होता आणि सगळी पोरं तिथे दाटीवाटीने बसायची. त्या म्हणतात, आम्हीसुद्धा डोळे फाडूनच बघायचो. पण कार्यक्रम संपायचा. पडद्यावर मुंग्या आल्या की सगळे उठायचे. त्या काळच्या मुलांना आवर होता आणि आजच्यांना नाही, असं काही नाही. तेव्हाच्या यंत्राला शेवट होता. आज एक व्हिडिओ संपायच्या आत पुढचा लागतो. बोटाने सरकवत राहिलं की कधीच न संपणारं पान, ही रचना २००६ साली अझा रास्किन या अमेरिकी तंत्रज्ञाने केली, आणि पुढे त्याने स्वतःच तिच्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. ज्या वस्तूला शेवट असू नये अशी तिची घडण हजारो हुशार माणसांनी मुद्दाम केली आहे, तिच्यासमोर अडीच वर्षांच्या मुलाने स्वतःहून थांबावं अशी अपेक्षा करणं हा त्या मुलावर अन्याय आहे. शेवट बाहेरून द्यावा लागतो. आठवड्याचा एक दिवस हा मला त्यातल्या त्यात स्वच्छ शेवट वाटतो.

मोबाइलने मुलांचे मेंदू सडतात, अशी भीती घालणारे निरोप रोज फिरतात. त्या भीतीवर मला माझं म्हणणं उभं करायचं नाही. कशाने नेमकं किती नुकसान होतं, यावर संशोधकांतच मतभेद आहेत; आणि भीतीने धरलेला नेम भीती ओसरली की सुटतो. मला जे ठाम वाटतं ते साधं आहे. दिवस चोवीस तासांचाच असतो. स्क्रीनमध्ये गेलेला वेळ कशातून तरी वजा होतो: अंगणातून, झोपेतून, बोलण्यातून. डोळ्यांचंच बघा. मुलांना लांबचं दिसण्यासाठी चष्मा लागण्याचं प्रमाण वाढलं, तेव्हा तैवानने २०१० पासून शाळांमधून मुलांना रोज दोन तास उघड्यावर, दिवसाच्या उजेडात ठेवण्याचा कार्यक्रम हाती घेतला आणि वर्षानुवर्षं वाढत चाललेलं ते प्रमाण खाली वळलं. त्या कार्यक्रमाचा भर मुलांना उजेडात काढण्यावर होता.

पण स्क्रीनचा प्रश्न मुलांचा आहे, असं धरून चालण्यातच मोठी गफलत आहे. १९७० च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला, तो आता जगभर माहीत आहे. आई तान्ह्या बाळाशी बोलते, हसते. मग तिला सांगितलं जातं की दोन-तीन मिनिटं चेहरा कोरा ठेव, प्रतिसाद देऊ नकोस. बाळ हसून बघतं, बोट दाखवतं, हात पसरतं, आवाज काढतं. काहीच परत आलं नाही की कासावीस होतं, मान फिरवतं, रडतं. त्या काळी खिशात फोन नव्हते. आज मी आणि माझा नवरा दिवसातून किती वेळा तो कोरा चेहरा करतो, हे मला मोजायचं धैर्य नाही. मूल शेजारी बसून काहीतरी सांगत असतं आणि आपण “हं… हं…” म्हणत असतो. ते ‘हं’ खोटं आहे हे मुलाला कळतं.

म्हणून आमच्या घरचा नियम मुलांसाठी म्हणून लिहिलेलाच नाही. शनिवारी रात्री जेवणं झाली की दोघांचे फोन सासूबाईंच्या कपाटातल्या वरच्या खणात जातात. एक बटणांचा साधा फोन चालू असतो. ज्यांना खरी गरज आहे त्यांच्याकडे तो नंबर आहे. रेडिओ लावायला मुभा आहे. फोटो नाहीत, आणि त्याचा फायदा मला उशिरा लक्षात आला: फोटो काढणारं कुणी नसलं की मुलं खेळ थांबवून तोंड वर करून उभी राहत नाहीत. मागे एकदा एका रविवारी ऑफिसचं काही अडलं होतं म्हणून मी गॅलरीत जाऊन गुपचूप मेल बघत होते. मुलगी मागून आली. ओरडली नाही, चिडली नाही. “आई, आज रविवार आहे ना?” म्हणून विचारलं. तिला खरंच शंका आली होती की आपलाच वार चुकला की काय. त्या दिवसापासून मी तसं केलेलं नाही.

आता जी गोष्ट या विषयावर लिहिणारे बहुधा सांगत नाहीत, ती. स्क्रीनशिवायच्या दिवसाचे कष्ट कुणाच्या वाट्याला येतात? घरात मुलांना फोन मिळतो तो आळसामुळे नाही, तर तिथे आणखी दोन हात कमी आहेत म्हणून. ते हात पूर्वी आत्याचे असायचे, शेजारच्या काकूंचे असायचे, चाळीच्या लांब गॅलरीत बसलेल्या कुणाचेही असायचे. आता दार बंद झालं की आत एक बाई, दोन मुलं आणि स्वयंपाक. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत बायकांचा घरकामाचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ९७ मिनिटं; आणि हे आकडे घरकाम करणाऱ्यांचेच आहेत, त्याला हातच न लावणारे त्यात धरलेले नाहीत. अशा घरात ‘रविवारी फोन बंद’ एवढाच नियम केला, तर आईच्या सुट्टीच्या दिवशी तिचं काम दुप्पट होतं. ती तो नियम महिनाभर पाळेल आणि सोडेल, आणि वर तिलाच अपराधी वाटेल.

आमच्याकडे पहिले दोन महिने हेच झालं. मग एका शनिवारी रात्री मी नवऱ्याला सांगितलं की वार पाळायचा तर स्वयंपाकघराचाही पाळायचा. रविवारचं चारीठाव जेवण बंद. मुगाची खिचडी, पापड, ताक. फार तर पिठलं-भात. सासूबाईंना हे आधी रुचलं नाही, रविवारी घरात काही चांगलंचुंगलं नको का, असं त्यांचं म्हणणं. आता चांगलंचुंगलं शनिवारी होतं. सकाळी सात ते दहा दोन्ही मुलं बाबांकडे. ते त्यांना घेऊन कधी खाडीकडे जातात, कधी बाजारात, कधी नुसतेच गणपतीच्या देवळाबाहेर कबुतरं बघत बसतात. त्या तीन तासांत मी झोपते. स्क्रीनमुक्त दिवसाचा सल्ला देणाऱ्या प्रत्येक तज्ज्ञाने आधी हे तीन तास कुठून येणार ते सांगावं, असं मला वाटतं.

आणि तरीही पिवळा दिवस आलाच. घरातली मांडणी आम्ही जमेल तितकी नीट केली होती. गोष्ट अडली ती दाराबाहेर.

इथे मला नारायण मेघाजी लोखंडे आठवतात. रविवारची सुट्टी आपल्याला पंचांगातून आलेली वाटते. ती तशी आलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत माणसं आठवड्याचे सातही दिवस राबत होती. सत्यशोधक कार्यकर्ते लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांना एकत्र केलं, आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांच्या अर्जात पहिली मागणी होती आठवड्याच्या सुट्टीची. २४ एप्रिल १८९० ला रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियांनीही त्या सभेत भाषण केलं. १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, आपल्या कष्टकरी माणसाचा जवळचा. पण ती सुट्टी मिळाली कारण ती सगळ्यांनी मिळून, सगळ्यांसाठी मागितली. एकट्या कामगाराने ‘मी रविवारी येणार नाही’ म्हटलं असतं, तर त्याला सोमवारी गिरणीच्या दारातूनच परत पाठवलं असतं. माझ्या मुलीला त्या सोमवारी फाटकाशी जे वाटलं, ते एकटं पडलेल्या माणसाचंच वाटणं होतं.

हीच गोष्ट पडद्याच्याच बाबतीत आइसलंडमध्ये घडून गेली आहे. तिथे १९६६ साली सरकारी दूरचित्रवाणी सुरू झाली, तेव्हापासून गुरुवारी प्रक्षेपणच नसे. जुलै महिनाही कित्येक वर्षं पूर्ण बंद असायचा. सबंध देशाचा गुरुवार मोकळा. तो मोकळा राहण्यासाठी कुठल्याही आईबापाला मुलांशी भांडावं लागलं नाही, कारण कुणाच्याच घरी काही लागत नव्हतं. १९८६ साली खासगी वाहिनी आली, ती गुरुवारीही कार्यक्रम दाखवू लागली, आणि १९८७ मध्ये सरकारी वाहिनीनेही आपला गुरुवार सोडला. वीस वर्षं चाललेली गोष्ट एका वर्षात गेली. लोकांचा संयम त्या एका वर्षात कमी झाला नव्हता. एकाने वार मोडला, आणि पाळणाऱ्याचं नुकसान व्हायला लागलं.

जवळचं उदाहरण सांगलीचं आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि साडेआठला दुसरा. मधला दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात, बोलतात. करोनाच्या काळात शाळा मोबाइलवर आल्या, आणि शाळा उघडल्यावरही मोबाइल मुलांच्या हातून सुटेना, तिथून हा विचार सुरू झाला. तेव्हाचे सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने सभेत तो मांडला गेला. त्यापुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो: आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक दारोदार फिरले आणि घराघराला समजावून सांगितलं. भोंगा हा त्या फिरण्यानंतरचा आहे. सगळ्या गावात एकाच वेळी वाजतो म्हणून तो कुठल्याच घरातला खलनायक होत नाही. “आईने बंद केला” असं म्हणायला तिथे वावच नाही.

त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाइल वापरायलाच बंदी करणारा ठराव केला. त्यामागची कळकळ मला समजते, पण तो मार्ग मला पटत नाही. त्यात मोठी माणसं सुटतात. बाप चावडीवर फोन बघत बसलेला आणि पोराला बंदी, यातून मुलाला एवढंच कळतं की मोठं कधी होणार याची वाट बघायची. वडगावचा दीड तास सगळ्यांना सारखा आहे, आणि त्याचं सगळं बळ त्या सारखेपणात आहे.

शहरात भोंगा कोण वाजवणार, हा प्रश्न मला विचारला जातो. मला भोंगा नको आहे. मला शाळेकडून, ऑफिसकडून आणि माझ्या सोसायटीकडून काही साध्या गोष्टी हव्या आहेत.

शाळेने शनिवारी दुपारनंतर सोमवारी शाळा भरेपर्यंत पालकांच्या ग्रुपवर काहीही टाकू नये. सोमवारी जे आणायचं ते शुक्रवारी डायरीत लिहून द्यावं. टाळेबंदीत सोय म्हणून सुरू झालेले हे ग्रुप पुढे शाळेचा कायमचा निरोप्या होऊन बसले. पालकांचीच नव्हे, शिक्षिकांचीही यात सुट्टी गेली आहे. हीच मागणी लिहिलेलं पत्र घेऊन मी शाळेत गेले तेव्हा वर्गशिक्षिका म्हणाल्या, “ताई, मला स्वतःला तीन वर्षांचा मुलगा आहे. रविवारी मी एका हाताने त्याला भरवते आणि दुसऱ्या हाताने तुमच्या ग्रुपला उत्तरं देते.” आम्ही दोघी दोन टोकांना बसून एकमेकींचा रविवार खात होतो, आणि दोघींपैकी कुणालाही तो खायचा नव्हता.

कामाचंही तेच. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कायदा आहे: पन्नास किंवा त्याहून अधिक माणसं असलेल्या कंपनीने कामाच्या वेळेनंतर कर्मचाऱ्याला संपर्कापासून मोकळं राहता यावं म्हणून कर्मचाऱ्यांशी बोलून नियम ठरवायचे. आपल्याकडे याच आशयाचं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत मांडलं आणि २०२५ च्या डिसेंबरात पुन्हा मांडलं. कायदा झालेला नाही. लहान मुलांच्या स्क्रीनबद्दल चिंता करणाऱ्या लोकांनी या विधेयकाकडे मुलांचा प्रश्न म्हणून बघावं, अशी माझी विनंती आहे. रविवारी साहेबाच्या मेसेजला सोमवारी उत्तर दिलं तर चालतं, हे ज्या बापाला माहीत आहे, तोच बाप फोन कपाटात ठेवू शकतो.

ज्यांचा फोन हीच भाकरी आहे, त्यांना हा नेम सांगायचा माझा हक्क नाही. घरपोच जेवण पोचवणाऱ्या मुलाचा रविवार म्हणजे सर्वांत जास्त कामाचा दिवस. रिक्षा, टॅक्सी अ‍ॅपवर चालवणाऱ्याचंही तसंच. त्यांच्या मुलांना वार मिळायचा तर आधी त्यांना आठवड्याची भरपगारी सुट्टी मिळायला हवी, म्हणजे लोखंड्यांनी १८८४ ला जिथून सुरुवात केली तिथेच परत जायला हवं. ज्यांचा बाप आखातात आहे, नातवंडं परदेशात आहेत, त्यांना रविवार हाच दोन्हीकडच्या घड्याळांत बसणारा दिवस असतो. त्या दिवशी सगळ्यांनी एकत्र बसून चेहरा बघून बोलणं, हे मी स्क्रीन धरतच नाही. बालरोगतज्ज्ञांनीही अगदी लहान बाळांच्या बाबतीत एवढी एक सवलत ठेवली आहे. आणि जे मूल बोलू शकत नाही, टॅबवरच्या चित्रांना बोट लावून पाणी मागतं, त्याचा टॅब ही त्याची वाचा आहे. ती कुठल्याही वारी काढून घ्यायची नसते.

उरली सोसायटी. आमच्या इमारतीच्या आवारात ‘चेंडू खेळण्यास मनाई आहे’ अशी पाटी आहे, आणि पाटी नसती तरी खेळायला जागा नाही, सगळीकडे गाड्या. मुलांना फोन ठेवायला सांगायचं आणि दाराबाहेर पाय ठेवायला जागा द्यायची नाही, हे दोन्ही एकदम चालणार नाही. गेल्या महिन्याच्या सभेत मी प्रस्ताव ठेवला: रविवारी संध्याकाळी चार ते सात जिन्यासमोरच्या दोन रांगा रिकाम्या करायच्या, गाड्या तेवढ्यापुरत्या मागच्या रस्त्यावर लावायच्या. तळमजल्यावरच्या आजींनी काचा फुटतील म्हणून विरोध केला. मऊ चेंडूच वापरायचा, या अटीवर त्या तयार झाल्या. दुचाकीवाले सगळे तयार आहेत. गेल्या दोन रविवारी अर्धी जागा मोकळी झाली आणि लगोरीला सोळा मुलं आली. त्यातल्या निम्म्यांची नावं मला माहीत नव्हती.

शाळेने पत्र ठेवून घेतलं आहे. सत्तावीस पालकांच्या त्यावर सह्या आहेत. उत्तर आलेलं नाही, म्हणून जूनच्या पहिल्या पालकसभेत मी पुन्हा विचारणार आहे. सोसायटीत तीन चारचाक्या अजून जागच्या हलत नाहीत. त्या तिघांच्या घरी मी या आठवड्यात जाणार आहे, आणि मुलीला सोबत नेणार आहे.